समुद्रात असलेल्या बोटी

त्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे दिवेआगरच्या एका वाडीत खोली घेऊन राहिले आणि रोज सकाळी रिक्षाने खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यात कामाला गेले. काम सांगायला सोपं होतं. मच्छीमार सोसायटीचा एक प्रोग्राम होता. कुठली बोट कधी निघाली, कधी परत आली, तिच्यावर माणसं किती, बर्फ किती, डिझेल किती, हे सगळं त्यात लिहिलं जायचं. त्याच्या पोटातला डेटाबेस म्हातारा झाला होता. ज्या कंपनीचा तो होता तिने त्या आवृत्तीकडे बघणं सोडून दिलं होतं. तो काढायचा आणि त्या जागी दुसरा बसवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसता कामा नये.

"दोन्ही एकच भाषा बोलतात," नव्या मुंबईतल्या ऑफिसात आमचे साहेब म्हणाले होते. "कंपॅटिबल आहेत. उचलायचं आणि ठेवायचं. तीन आठवडे म्हणजे चैन आहे."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. माझं माहेर माणगावच्या बाजूचं, भाताच्या खाचरांमधलं. समुद्र तिथून फार लांब नाही, पण आमच्या घरात समुद्राचं असं सुकटीशिवाय काही नव्हतं. बोटीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बोटींची माहिती इकडून तिकडे न्यायला मात्र निघाले होते.

सोसायटीचं ऑफिस बर्फाच्या गोदामाच्या वर होतं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापायचं, डोक्यावरचा पंखा गरम हवा ढवळत राहायचा, आणि फरशी मात्र गार, इतकी की दुपारपर्यंत पायाची बोटं बधिर व्हायची. मी चपला काढून बसायचे. खिडकीतून खाडी दिसायची आणि खाडीपलीकडे समुद्राची एक पट्टी, जी कधी आभाळापासून वेगळी असायची, कधी नसायची. बांबूंवर बोंबील वाळत असायचे. वारा आला की ते सगळे एकदम हलायचे, जणू अजून पाण्यात आहेत.

ऑफिस एक बाई सांभाळायच्या. पन्नाशी उलटलेल्या, लुगडं घट्ट नेसलेल्या, केसात रोज अबोलीचा छोटा गजरा. वीस वर्षं त्या तिथे होत्या. संगणक आला तेव्हा शिकून घेतला, पण शेजारी एक लांब वही ठेवलेलीच होती. बोट निघाली की आधी वहीत, मग संगणकात. मी त्यांना ताई म्हणायचे. त्या मला पहिले काही दिवस मॅडम म्हणत होत्या.

"म्हंजे माझ्या बोटी तुम्ही या पेटीतून त्या पेटीत घालनार," पहिल्या दिवशी सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या. "घाला. एकपन सांडू नका."

माहितीची प्रत एकीकडून दुसरीकडे जात असते तेव्हा माणसाला काही काम नसतं. पडद्यावर आकडा वाढत जातो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो. जेवणानंतर ताई खुर्चीतच डोळे मिटायच्या. खालून बर्फ फोडल्याचा आवाज यायचा, एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मीही अर्धवट झोपेत जायचे. मग मला दिसायचं, की आमच्या खाचरांत कमरेएवढं स्वच्छ पाणी भरलंय आणि बांधांवरून बोटी एकामागोमाग एक चालल्यात, आवाज न करता, बांधाला धक्का न लावता. वर चढून, पलीकडे उतरून. प्रत्येक बोटीत कुणीतरी उभं असायचं आणि माझ्याकडे न बघता पुढे जायचं. जाग यायची तेव्हा पडद्यावर 'पूर्ण' असं आलेलं असायचं आणि ताई चहा ओतत असायच्या.

पहिली गडबड झाली ती हसण्यासारखी होती. नव्या पेटीत बोटींची यादी उघडून मी ताईंना दाखवली. काल आलेल्या बोटींपुढे त्यांनी परतीची वेळ भरली, यादी पुन्हा उघडली आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, बोटी जागेवर न्हाईत."

"आहेत ना. सगळ्या आहेत. मोजा."

"हायत, पन जागेवर न्हाईत. ही दुसरी असायची, ती पार तळाला गेली. आन् ही कोन मधीच घुसली?"

मी पाहिलं आणि मला कळलं. जुना डेटाबेस न सांगताही बोटी ज्या क्रमाने नोंदवल्या त्याच क्रमाने द्यायचा. ती त्याची सवय होती, नियम नव्हता. नव्याला ती सवय नव्हती. एखाद्या ओळीला हात लावला की तो ती उचलून दुसरीकडे ठेवायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने क्रम कधी मागितलाच नव्हता, कारण मागायची वेळच आली नव्हती. मी एक ओळ घातली, बोटी पुन्हा आपापल्या जागी आल्या.

"आता कसं," ताई म्हणाल्या. "धक्क्यावर पन अशाच उभ्या ऱ्हातात. बापाची बोट कुठं लागायची तिथंच पोराची लागते." आणि मग मला बोंबलाचं लोणचं काढून दिलं. त्या दिवसापासून मी मॅडमची 'बाय' झाले.

दुसऱ्या आठवड्यात खरी चाचणी करायची होती. सेक्रेटरींचं म्हणणं होतं, की आता थेट नवीन सुरू करून जुनं बंद करा, दोन-दोनदा लिहायचा ताप कशाला. ते पंचेचाळिशीचे, दोन बोटींचे मालक, सतत फोन कानाला. पण ताई अडून बसल्या. "एक दिवस दोन्ही चालू दे. माझी वही पन चालू दे." माझंही मत तेच होतं. हा प्रोग्राम नुसता हिशेबाचा नव्हता. वाऱ्याचा इशारा आला की त्यातली एक यादी उघडायची, 'समुद्रात असलेल्या बोटी', आणि तीतल्या प्रत्येक बोटीच्या तांडेलाला, म्हणजे ती चालवणाऱ्या म्होरक्याला, वायरलेसवरून माघारी बोलवायचं. परतीची वेळ लिहिलेली नाही ती बोट समुद्रात, एवढाच त्या यादीचा नियम.

त्या दिवशी पहाट फुटता फुटता मी ऑफिसात पोचले. भरती होती. खाली धक्क्यावर इंजिनं एकेक करून जागी होत होती आणि खलाशी बर्फाच्या पाट्या खांद्यावरून उतरवत होते. तांडेल खालूनच हाक मारायचे, ताई खिडकीतून हात दाखवायच्या, वहीत लिहायच्या, मग जुन्या पेटीत, मग नव्या. खाडीच्या तोंडातून बोटी बाहेर पडत होत्या. धुकं पाण्याला चिकटून होतं, त्यामुळे खालचा भाग दिसायचाच नाही, नुसती काठीवरची निशाणं सरकत जायची. शेवटचं निशाण दिसेनासं झालं तेव्हा ऑफिस एकदम फार शांत वाटलं.

"एक्केचाळीस," ताई वही मिटत म्हणाल्या.

मी नव्या पेटीत 'समुद्रात असलेल्या बोटी' उघडलं.

एक बोट होती.

मी पुन्हा उघडलं. एकच. पलीकडे जुन्या पेटीत उघडलं, तिथे बेचाळीस होत्या. जुनी पेटी बंद करून फक्त नवीन चालू केली असती आणि दुपारी वारं सुटलं असतं, तर या खोलीतून एकाच बोटीला हाक गेली असती.

"ताई, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गायब आहेत," मी म्हणाले. "आणि ही एकच आली. पण ही तर कधीची आहे, सोळा-सतरा वर्षांपूर्वीची. परत आल्याची वेळ भरायची राहून गेलेली दिसते."

ताईंनी चष्मा लावला. पडद्याजवळ आल्या. त्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, नंबरावर, तारखेवर, आणि शेवटी त्या रिकाम्या चौकटीवर.

"ऱ्हाऊन न्हाय गेली गो बाय," त्या म्हणाल्या. "ती आलीच न्हाय."

मग त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी सांगितलं. बोटीवर चौघं होते. त्यांतला एक त्यांचा धाकटा भाऊ, तेवीस वर्षांचा, लग्न ठरलेला. संगणक तेव्हा नवाच आला होता आणि त्यांना भरभर लिहिता येत नव्हतं. भावाने खालून हाक मारली, "बाय, लिवलंस का?" त्या वर न बघताच म्हणाल्या, "लिवलं, जा." दुसऱ्या दिवशी वारं फिरलं. बाकीच्या बोटी आल्या. चार दिवस गावाने दर्या धुंडाळला. थर्माकोलचा एक डबा मिळाला, आणि एक फळी, पण ती त्याच बोटीची होती का हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही.

"मंग महिन्यानं सोसायटीनं मना सांगितलं, ही नोंद बंद कर. मी उघडली. परत आल्याची वेळ भर, असं ती पेटी म्हनते. काय भरू? दुसरं काय भरायची सोयच न्हाय. म्हनून ऱ्हाऊ दिली."

तेव्हापासून ती बोट रोज त्या यादीत होती, सगळ्यांत वर, कारण सगळ्यांत आधी निघालेली तीच. तिच्या खाली रोजच्या चाळीस-पन्नास बोटी यायच्या आणि जायच्या. गर्दीत ती लोकांच्या नजरेआड झाली होती. मला ती आज एकटी दिसली.

तो प्रोग्राम आमच्याच ऑफिसने लिहिलेला होता. माझ्या आधीच्या लोकांनी, पण आमच्याच. बोट निघते आणि बोट परत येते, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं होतं. मी ताईंना तसं सांगितलं आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं? आमी पन रोज तसंच धरून चालतो."

बिघाड कुठे होता ते मला अर्ध्या तासात सापडलं. ताईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना डब्यांवरून सांगितलं. फळीवर रिकामा डबा असणं वेगळं, आणि फळीवर डबाच नसणं वेगळं. जुन्या डेटाबेसला दोन्ही सारखंच दिसायचं, काही नाही म्हणजे नाही. नवा काटेकोर होता. ताईंनी बोट सोडताना परतीची चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं की तो म्हणायचा, इथे डबा ठेवलाय, तो रिकामा असेना का. आणि यादी शोधत होती डबा नसलेल्या बोटी. जुन्या पेटीतून आलेल्या नोंदींपैकी तशी एकच उरली होती, बाकीच्या सगळ्या परत येऊन पोचल्या होत्या.

दुपारपर्यंत मी ते नीट केलं. यादीत बेचाळीस बोटी दिसू लागल्या. संध्याकाळी एक्केचाळीस परत आल्या.

सेक्रेटरींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, नव्या घरात जुनं सामान नको. ती नोंद काढून टाका."

"ताईंना विचारलंत?"

त्यांनी फोन खिशात ठेवला. "शोधायला गेलेल्या बोटीवर मी होतो. चार दिवस. ती यादी मी उघडतच न्हाय, ताईलाच सांगतो वाचून दाखव. मना बघवत न्हाय ते." आणि ते जिना उतरून गेले.

ताईंनी ऐकलं होतं. "त्याचं पन खरं हाय," त्या म्हणाल्या. "पन मी एकटी न्हाय ठरवायची. चार घरं हायत, त्यातलं एक माझं माहेर. चल माझ्यासंगती."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. एका खलाशाची बायको आता उरणकडे दुसऱ्या संसारात होती. तिला ताईंनी वाटेतच फोन लावला. ती म्हणाली, "तुम्ही कराल ते बरोबर." दुसऱ्या घराला कुलूप होतं. ती माणसं कधीच गाव सोडून गेली होती, असं शेजारणीने सांगितलं. तिसरं घर तांडेलाचं. त्याची आई ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत बसली होती. वय किती ते सांगता येणार नाही असं. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण बोटं जवळ्यातून कचरा अचूक उचलत होती. ताईंनी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, पेटीतली गोष्टही. म्हातारीने हात थांबवला नाही.

"म्हंजे अजून माझा पोर दर्यात हाय असं लिवलंय तुमी?"

"व्हय आये."

"रोज?"

"रोज."

तिचा हात थांबला. "तसं नका लिवू गो. दमला असंल तो. आन् काढू पन नका, तो गेलाच न्हाय असं व्हईल. न्हाय आला असं लिवा. सरळ."

एवढं बोलून तिने सूप पुन्हा हलवलं. ओट्यावरून समुद्र दिसत नव्हता, पण त्याचा आवाज भिंतीतून आल्यासारखा येत होता. आम्ही कितीतरी वेळ बसून राहिलो. निघताना म्हाताऱ्या आईने मूठभर जवळा माझ्या रुमालात बांधून दिला.

त्या रात्रीची झोप सोडता मी दुसरं काही मध्ये येऊ दिलं नाही. सकाळी येऊन प्रोग्रामला तिसरी वाट करून दिली. निघाली, परत आली, आणि परत आली नाही. शेवटच्या वाटेच्या बोटींसाठी वेगळी यादी. साहेबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं.

"हे आपल्या कामात नव्हतं," ते म्हणाले. "आपण फक्त डेटाबेस बदलतोय."

"दोन तासांचं होतं, सर. झालंही."

"बरं," ते म्हणाले, आणि मग, "चौघंही गेले का हो?"

ताईंनी ती नोंद स्वतः केली. आता भरभर लिहिता येत होतं, तरी त्यांनी एकेक अक्षर शोधून दाबलं. बटण दाबल्यावर वरच्या यादीतून ती ओळ गेली आणि नव्या यादीत दिसली. त्यांनी गजरा काढला, जरा सैल झाला होता, तो पुन्हा नीट माळला आणि खाली बर्फवाल्याशी काहीतरी बोलायला गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. बोलणं बर्फाचंच चाललं होतं.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे कोळी काठी टेकत जिना चढून आले. "न आलेल्या बोटी लिवताव म्हनं तुमी," ते दारातूनच म्हणाले. त्यांच्या वडिलांची शिडाची होडी होती. हे तेव्हा आईच्या पोटात होते. होडीला नंबर नव्हता, साल कुणाला माहीत नव्हतं, "भात कापून झालं होतं" एवढंच आईने सांगितलेलं. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नंबराची सक्ती काढून टाकली, सालाचीही, आणि एक मोकळी जागा ठेवली, ज्याला जे आठवेल ते लिहायला. ताईंनी लिहिलं, भात कापून झालं होतं.

मग माणसं येत राहिली. खाडीच्या पलीकडच्या वाडीतून एक भाऊ-बहीण होडीत बसून आले. एका बाईंना फक्त बोटीचा रंग माहीत होता, हिरवा, कारण आजी तो रंग घरात आणू द्यायची नाही. दुपारच्या त्या उन्हात, पंख्याखाली, ती माणसं हळूहळू बोलत आणि ताई लिहीत. मी मध्ये माझ्या चाचण्या चालवत असायचे, पण माझं लक्ष अर्धं तिकडेच. पायाखाली बर्फ होता आणि खोली अशा बोटींनी भरत चालली होती ज्या इथल्या कुणीच पाहिल्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या यादीत नऊ बोटी होत्या. सेक्रेटरी एकदा येऊन ताईंच्या मागे उभे राहिले आणि सगळी यादी वाचून गेले.

शेवटचा बदल एका सकाळी केला. जुनी पेटी बंद केली तेव्हा तिच्या पंख्याची घरघर थांबली, आणि तेव्हाच कळलं की तीन आठवडे आम्ही त्या आवाजात बोलत होतो. ताईंना माझ्या बोलण्याचा आवाज मोठा वाटू लागला. नव्या पेटीत त्या दिवशी अडतीस बोटी गेल्या, अडतीस आल्या. कुणालाही काही वेगळं जाणवलं नाही. आमच्या कामात याच्याहून मोठं यश नसतं.

मी निघायच्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, बोटीत बसल्याशिवाय कशा जाल?" ताई नको नको म्हणत होत्या. लग्नाआधी त्या वडिलांबरोबर जायच्या, भाऊ गेल्यापासून पाण्यावर गेल्या नव्हत्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला आणि माझ्या आधी फळीवरून बोटीत उतरल्या.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्या काठाकडे बघत होत्या. बाहेर आलो तसं पाणी निळसर करडं झालं आणि बोट सावकाश वरखाली होऊ लागली, झोपेतल्या माणसाच्या छातीसारखी. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण फक्त पेंगुळल्यासारखं झालं. मागे नारळीच्या वाड्यांची रेघ होती. वादळात शेंडे गेलेली काही झाडं अजून तशीच उभी होती. घरं काड्यापेट्यांएवढी झाली होती.

"आपलं गाव एवढं बारीक हाय व्हय," ताई म्हणाल्या. मग डोळ्यांवर हात धरून त्यांनी नीट पाहिलं. "अगो, ऑफिसची खिडकी उघडीच ऱ्हायली."

तांडेलाने विचारलं, "वळवू का ताई?"

त्यांनी हात पाण्यात सोडला होता. पाणी बोटांवरून फाकत चाललं होतं. "असू दे," त्या म्हणाल्या. "अजून जरा पुढं घे."